गाडी काढा, गाडी काढा!

बाहेरगावच्या माणसाला अकलूज सांगायचं म्हणजे साधारण तीन गोष्टी सांगाव्या लागतात. शंकरनगरचा साखर कारखाना, लावणी स्पर्धा, आणि तुकोबांच्या पालखीचं माने विद्यालयाच्या मैदानावरचं गोल रिंगण. (चौथी एक होती. आशियातली सर्वांत मोठी ग्रामपंचायत म्हणून आम्ही वर्षानुवर्षं मिरवायचो. २०२१ मध्ये नगरपरिषद झाली आणि ते मिरवणं संपलं. असो.) आज सुरुवात कारखान्यापासून करतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यात ४५ वं कलम होतं. दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची निदान एक पेटी हवी. ती पेटी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे प्रथमोपचाराचं सरकारमान्य प्रमाणपत्र हवं. आणि कामाच्या वेळात तो माणूस हाताशी हवा, चहाला गेलाय असं चालणार नाही. एस.टी.च्या कंडक्टरला बिल्ला काढतानाही प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. म्हणजे स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हाच कायदा करणाऱ्यांना एवढं कळत होतं की जिथे जिवाला धोका संभवतो तिथे काय करायचं ते शिकलेला एक तरी माणूस पाहिजे.

आता असं एक घर घ्या, जिथे धोका 'संभवतो' वगैरे भानगड नाही. तो कागदावर लिहून दिलेला आहे, सही-शिक्क्यानिशी. घरातल्या कर्त्या माणसाला हार्ट अॅटॅक येऊन गेलाय, दोन स्टेंट बसलेत, इकोच्या रिपोर्टमध्ये हृदयाचं पंपिंग तीस-पस्तीस टक्क्यांवर आलंय. त्या घरात सीपीआर, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवायचं, हे शिकलेली किती माणसं असतात? माझ्या पाहण्यात तरी शून्य.

आमच्या आण्णांची अँजिओप्लास्टी पुण्यात झाली. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगत नाही, कारण नंतर ओळखीच्या पाच-सहा घरांतल्या फाइली मुद्दाम मागून पाहिल्या आणि सगळीकडे तेच दिसलं. डिस्चार्जची फाईल चांगली जाडजूड होती. अँजिओग्राफीची सीडी, गोळ्यांचा तक्ता, आहाराचा तक्ता (लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी बंद. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला शेंगदाण्याची चटणी बंद!), किती दिवसांनी जिना चढायचा, किती दिवसांनी मोटारसायकल चालवायची. पुढच्या तपासणीची तारीख होतीच. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलेलं की छातीत दुखल्यास, धाप लागल्यास ताबडतोब रुग्णालयाशी संपर्क साधावा. संपर्क! पुणे आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. आणि माणूस बोलता बोलता कोसळला, श्वास थांबला, तर काय करावं याबद्दल त्या सबंध फायलीत एक ओळ नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. हृदयरुग्णाला घरी पाठवताना त्याच्या घरातल्या दोन माणसांना ज्या हॉस्पिटलने सीपीआर शिकवला नाही, त्याने डिस्चार्ज अर्धवट दिला. बिल मात्र पूर्ण घेतलं.

आता जरा तपशिलात जाऊ, कारण इथे आपल्या सगळ्यांचाच मोठा घोळ आहे. हार्ट अॅटॅक वेगळा आणि हृदय बंद पडणं वेगळं. अॅटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. माणूस घामाघूम होतो, छाती धरून बसतो, पण शुद्धीवर असतो, बोलतो. त्याची छाती दाबायची नाही, त्याला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. हृदय बंद पडतं तेव्हा मात्र त्याचं ठोके देणं थांबतं किंवा ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही, आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. अॅटॅकमधून हे दुसरं उद्भवू शकतं, आणि अॅटॅक येऊन गेल्यानंतरही. २००५ साली व्हॅलियंट नावाच्या मोठ्या अभ्यासातला हिशेब प्रसिद्ध झाला. अॅटॅकनंतर हृदय कमजोर झालेले चौदा हजारांवर रुग्ण त्यात होते. अचानक मृत्यूचा धोका सर्वांत जास्त दिसला तो पहिल्या तीस दिवसांत. म्हणजे नेमका तोच काळ, जेव्हा पाहुणे सफरचंदं घेऊन भेटायला येत असतात आणि घरचे 'आता काही काळजी नाही' म्हणत असतात.

हृदय बंद पडल्यापासून चार ते सहा मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. छाती दाबत राहिलं तर ही घसरण निम्म्यावर येते. या आकड्यांपुढे आमच्या भागातलं अंतर मांडून बघा. अकलूजमध्ये दवाखान्यांची कमी नाही, आजूबाजूच्या तालुक्यांतून लोक इथे उपचाराला येतात. पण माळशिरस तालुक्यात निम्मी माणसं गावात राहतच नाहीत, ती वस्तीवर राहतात. वस्ती म्हणजे डांबरी रस्ता सोडून आत, उसाच्या फडांमधून, कॅनॉलच्या कडेने. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या आडव्या असतात, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा असतो. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतो, आणि ही सेवा चांगली आहे हे मी मोकळेपणाने म्हणेन. पण जगातली कुठलीही गाडी वस्तीवर चार मिनिटांत येणार नाही. त्या चार मिनिटांत तिथे जी असेल ती घरातलीच माणसं.

आणि घरातली माणसं त्या वेळी काय करतात?

"गाडी काढा, गाडी काढा!"

प्रत्येक वेळी हेच. माणूस पडला की कुणीतरी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा फोडून नाकाला लावतं, कुणी तळपाय चोळतं, एखादा शहाणा चमच्याने पाणी पाजतो (बेशुद्ध माणसाला!), आणि बाकीचे ओरडत असतात, गाडी काढा. मग चावी सापडत नाही. मग गाडीमागे ट्रॅक्टर लावलेला असतो. मग चौघं जण त्याला उचलून मागच्या सीटवर कोंबतात, मान लटकलेली, आणि सुसाट निघतात. उचलण्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मेंदूला रक्ताचा थेंब गेलेला नसतो. दवाखान्यात डॉक्टर नाडी बघतात आणि मान हलवतात. मग घरी येऊन सगळे म्हणतात, आम्ही काही कमी केलं नाही, लगेच गाडी काढली. खरंच कमी केलेलं नसतं बिचाऱ्यांनी. जेवढं ठाऊक होतं तेवढं जीव तोडून केलेलं असतं.

याहून वाईट प्रकार घरघरीचा. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीची काही मिनिटं माणूस आचके दिल्यासारखा मोठमोठ्याने, थांबून थांबून श्वास घेतो. तो खरा श्वास नसतो. आपल्याकडे त्याचे दोन अर्थ लावतात. एक तर 'श्वास चालू आहे, काही होत नाही', नाहीतर 'घरघर लागली, संपलं'. पहिल्या अर्थाने लोक वाट बघत बसतात. दुसऱ्या अर्थाने देव्हाऱ्यातलं गंगाजल काढतात, नाहीतर चंद्रभागेचं तीर्थ. नव्वदीचं म्हातारं माणूस, महिनाभर अंथरुणाला खिळलेलं, त्याच्या तोंडात तीर्थ घालायला माझी काही हरकत नाही. पण पाच मिनिटांपूर्वी चहा पिऊन मोटार चालू करायला निघालेल्या बावन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडात तुम्ही तुळशीचं पान ठेवता? ती घरघर म्हणजे अजून वेळ हातात असल्याची खूण आहे. आत्ता छाती दाबली तर उपयोग होऊ शकतो, असं ती सांगत असते. हे कुणीतरी सांगायला नको का त्या घराला? आणि कुणी सांगायचं, तलाठ्याने?

डॉक्टर मंडळींशी यावर बोललो तर उत्तरं ठरलेली असतात. एक, वेळ नाही. यावर मला हसू येतं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलने म्हटलं तर समजू शकतो. आपल्याकडे आयसीयूच्या बाहेर नातेवाईक तीन-तीन दिवस बाकड्यावर बसून असतात. चटई अंथरून झोपतात, डबा खातात, 'नातेवाईकांनी गर्दी करू नये' ही पाटी शंभर वेळा वाचतात. शिकायला इतका मोकळा आणि इतका उत्सुक विद्यार्थी कुठल्या शाळेला मिळत नाही! एका सिस्टरने रोज दुपारी वीस मिनिटं त्या बाकड्यावरच्या सहा जणांना उशीवर हात ठेवून शिकवलं तर कुठल्या ऑपरेशनचा खोळंबा होणार आहे?

दोन, लोकांना जमणार नाही. ही पद्धत १९६० साली अमेरिकेत बाल्टिमोरला मांडली गेली. मांडणाऱ्या तिघांपैकी कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. त्यांचा दावाच हा होता की याला दोन हातांपलीकडे काही लागत नाही. पुढे २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की मोठा माणूस डोळ्यांदेखत कोसळला तर सामान्य लोकांनी तोंडाने श्वास द्यायच्या भानगडीत न पडता नुसती छाती दाबली तरी चालेल. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी भारतीय परिस्थितीचा विचार करून २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी नुसती छाती दाबण्याचीच पद्धत लिहून काढली. हलवून, हाक मारून बघा. उत्तर नाही, श्वास नाही किंवा आचके आहेत, तर १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. माणसाला बाजेवरून, सोफ्यावरून खाली घ्या, कडक जमिनीवर. (बाजेवर दाबलं तर बाज दबते, छाती नाही.) छातीच्या मधोमध एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मदत येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करेपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याने लगेच घ्यायचं. संपलं. सेकंदाला जवळजवळ दोन दाब, हा ठेका काही अवघड नाही. ज्या गावात राज्यभरातल्या लावणी पार्ट्या येऊन ढोलकी घुमवून गेल्या, त्या गावाला ठेका जमणार नाही असं म्हणणाऱ्याने एकदा इकडे यावंच.

तीन, घरचे घाबरतील. हे उत्तर मात्र मी उडवून लावणार नाही. कॅथलीन ड्रॅकप नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी नेमकं हेच तपासलं. १९८६ च्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांच्या घरच्यांना सीपीआर शिकवला त्या रुग्णांची चिंता वाढलेली दिसली. साहजिक आहे. बायकोला आपली छाती दाबायला शिकवतायत म्हटल्यावर कुणाला बरं वाटेल? पण त्याच बाईंनी पुढे १९९७ मध्ये दाखवलं की शिकवण्याबरोबर घरच्यांना बोलायला, मन मोकळं करायला जागा दिली तर उलट होतं, रुग्णाची चिंता कमी होते. तेव्हा घाबरतील म्हणून शिकवू नका हा निष्कर्ष निघत नाही. नुसती डमी पुढे ठेवून, दाबा म्हणून निघून जाऊ नका, हा निघतो. आणि खरं सांगू का, घरचे घाबरलेलेच असतात हो. आमची आई पहिला महिनाभर रात्री दोनदा उठून आण्णांच्या नाकाशी बोट धरून बघायची. श्वास चालू आहे ना. आणि नसता तर काय करायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. यापेक्षा जास्त घाबरवणं कसं जमेल कुणाला?

घरातूनही विरोध असतो, तो वेगळा. 'अशुभ बोलू नका' हा पहिला. विमा काढताना, सात-बाऱ्यावर वारसांची नावं लावताना हे अशुभ बरं आडवं येत नाही! दुसरा विरोध कुणी बोलून दाखवत नाही पण असतो, सुनेने सासऱ्याच्या छातीला हात कसा लावायचा. दुपारी दोन वाजता वस्तीवर घरात कोण असतं याचा विचार करा. पोरं शेतात नाहीतर कामावर, नातवंडं शाळेत. असते ती सासू आणि सून. सासूचे गुडघे गेलेले. म्हणजे ज्या एकाच माणसाच्या हातात बळ आहे, तिच्याच हातावर रीतीचं कुलूप. म्हणून शिकवताना सुनेला पुढे बसवलं पाहिजे, आणि ते सासऱ्याच्या देखत. "तात्या, वेळ आली तर ही दाबणार, चालेल ना?" असं डॉक्टरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारावं. तात्या मान हलवतात. ती मान हललेली असली की मग तिचा हात थबकत नाही.

आणि 'नंतर पोलीस केस झाली तर?' ही भीती. पूर्वी दंड संहितेचं ९२ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३० वं आहे. बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला ते संरक्षण देतं. छाती दाबताना बरगडी मोडू शकते. मोडली तर मोडली, बरगडी जुळते.

शिबिरांबद्दल मात्र मला बोललंच पाहिजे. सीपीआर म्हटलं की आपल्याला शिबिर सुचतं. कॉलेजचा हॉल, स्टेजवर फ्लेक्स, दीपप्रज्वलन, सत्कार, मग शाल-श्रीफळाच्या पलीकडे कुठेतरी एक डमी. तीनशे पोरं लांबून बघतात, पुढच्या पाच जणांना हात लावायला मिळतो, फोटो छापून येतो. करा, जरूर करा. पण त्या तीनशेंपैकी किती जणांच्या घरात हृदयरुग्ण आहे? आणि ज्याच्या घरात आहे ती बाई त्या हॉलमध्ये होती का? हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना घरात घडतात, बाजारात आणि मैदानावर थोड्या. ज्या घरांना धोका आहे त्यांची यादी तयार आहे, प्रत्येक हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये, नाव-पत्त्यासकट.

शिकवून उपयोग काय होतो, असं विचारणाऱ्यांसाठी डेन्मार्कचं उदाहरण देतो. तिथे २००५ पासून शाळेत आणि २००६ पासून ड्रायव्हिंग लायसन्स काढताना हे शिकणं सक्तीचं केलं. हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २००१ मध्ये पाचात एकाला आजूबाजूच्या लोकांकडून सीपीआर मिळत होता, २०१० मध्ये तो जवळजवळ निम्म्यांना मिळायला लागला. त्याच काळात तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेलं. यात बाकीच्या सुधारणांचाही वाटा आहे, हे तिथलेच संशोधक सांगतात. आणि हो, १०.८ म्हणजे नव्वदच्या जवळपास माणसं तरीही गेलीच. सीपीआर म्हणजे संजीवनी आहे असं मी म्हणत नाही, टीव्हीवरच्या मालिका म्हणतात. पण शंभरात सात माणसं जास्त वाचत असतील तर त्या सातांच्या घरी जाऊन विचारा.

सरकारकडून माझी मागणी फार खर्चाची नाही. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होता. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव दिलं. तिच्यातून गोरगरिबांची अँजिओप्लास्टी फुकट झाली, हे मोठं काम आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, औषधी स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला, तेही चांगलं. आता त्याच योजनेत एक अट घाला. हृदयाच्या उपचाराचे पैसे हॉस्पिटलला मिळण्याआधी कागदपत्रांत आणखी एक कागद हवा, घरातल्या दोन माणसांनी डमीवर किंवा उशीवर करून दाखवलं असा, त्या दोघांच्या सहीचा. ऑपरेशनच्या आधी चौदा ठिकाणी सह्या घेता, काही झालं तर आम्ही जबाबदार नाही म्हणून. ही पंधरावी सही तुमच्या जबाबदारीची असू द्या. फेरतपासणीला तेच दोघं पुन्हा एकदा करून दाखवतील, कारण हे हात विसरतात.

सरकार करेल तेव्हा करेल. तुमच्या घरात अशी फाईल असेल तर पुढच्या तपासणीला रुग्णाबरोबर रिकामटेकड्या भाच्याला न पाठवता दुपारी घरात जे असतं त्याला पाठवा, आणि डॉक्टरांना केबिनमध्येच सांगा, आम्हाला शिकवा, नाहीतर शिकवणारा सांगा. तिथे नाही जमलं तर गावात भूल देणारे डॉक्टर असतात, त्यांना विचारा. आमच्या इथल्या एकांनी एका रविवारी दीड तास दिला, चहासुद्धा घेतला नाही. वहिनी पहिल्याच फेरीत बरोबर दाबायला लागली. पुतण्या नववीत आहे, त्याचा वेग जास्त होतो, त्याला पुन्हा मोजत करायला लावतो. आईला खाली बसता येत नाही, म्हणून तिच्याकडे दोन कामं दिली आहेत, १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवणं आणि पुढचं दार उघडणं. आण्णा म्हणाले, "आन् माजं काम?" पुतण्या म्हणाला, "तुम्ही फक्त बाजेवरून खाली या." आण्णा पोट धरून हसले. मग त्यांनी स्वतःच बाज भिंतीपासून हातभर सरकवून घेतली, बाजूला बसायला जागा व्हावी म्हणून.